आखूड दस्त्याची बंदूक

“आक्का गेली. खलास.”

बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं. मी ऑफिसात, मीटिंग रूमच्या दाराबाहेर उभी होते. अबुधाबीत वाढलेल्या माणसाच्या कानांवर खलास हा शब्द दिवसभर पडत असतो. एसी दुरुस्त झाला की खलास, टॅक्सीतून उतरलं की खलास, दुकानातल्या खुबूस रोट्या संपल्या तरी खलास. बाबांच्या तोंडात तो इतका बसलाय की बहिणीच्या मृत्यूसाठीही त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला राग आला, आणि काही आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसावर लिहिताना हळवं व्हायचं असतं आणि मला ते जमत नाहीये.

कुंदाआत्या ही बाबांची थोरली बहीण. घरात सगळे तिला आक्का म्हणत, मी आत्या. तिनं लग्न केलं नाही. शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम आहे, तिथे ती वर्षानुवर्षं स्टोअरकीपर होती. पठाण मेकॅनिक तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणत. कुणी “बाजी, जल्दी” म्हटलं की ती मुद्दाम चष्मा काढून पुसत बसायची, आणि चष्मा पुसून होईपर्यंत त्या माणसाला आपली चूक कळलेली असायची. आमच्या घरातून आखातात पहिली आली ती आत्या. बाबा नंतर आले, तिनंच काढून दिलेल्या व्हिजिट व्हिसावर, आणि नोकरी लागेपर्यंत तिच्या ओळखीच्या एका कोल्हापूरकराच्या खोलीत जमिनीवर झोपले. जेवणाचा डबा आत्याकडून जायचा. आज आम्ही खलिफा सिटीत व्हिलात राहतो. पाहुण्यांना आपला प्रवास सांगताना बाबा नेहमी, मी एक सूटकेस घेऊन या देशात उतरलो, इथून सुरुवात करतात. सूटकेस आत्याची होती.

मला मराठी लिहायला-वाचायला तिनं शिकवलं. माझी शाळा इंग्रजी. आई-बाबा मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देत असे, आमच्या इथल्या सगळ्याच मुलांसारखी. आत्यासमोर ते चालायचं नाही. इंग्रजीत काही मागितलं की तिला ऐकूच यायचं नाही, त्यामुळे मराठी शब्द आठवेपर्यंत मी तहानलेली राहायचे. पण शब्द आठवायला ती वेळ द्यायची. मी मुळातच कमी बोलणारी, लोकांत अंग चोरून बसणारी. तिच्या शारजातल्या खोलीत आम्ही दोघी तासन्‌तास गप्प असायचो… ती स्टोअरच्या वह्यांची उजळणी करायची, मी चित्रं काढायचे. “बोल की गं काहीतरी,” असं मला न म्हणणारी मोठी बाई तेवढी एकच होती.

अंत्यसंस्कारानंतरच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये माणसं जमली. शारजाहून गॅरेजमधले लोक आले होते. ते सोफे रिकामे असूनही गालिच्यावर बसले. बाकी बाबांच्या कंपनीतले लोक, आईच्या मंडळातल्या बायका. एक काकू आत्याच्या पुरणपोळीबद्दल बराच वेळ बोलल्या. आत्याला पुरणपोळी येत नव्हती. ती दुकानातून विकत घ्यायची आणि घरच्या डब्यात भरून न्यायची. हे मला आणि आईला माहीत होतं. आई मान डोलावत राहिली.

मग बाबांनी ती गोष्ट सांगितली. “आमची आक्का म्हणजे काय सांगू तुम्हाला… एकदा पर्समध्ये काडतूस घालून विमानात बसायला निघाली होती. सिक्युरिटीवाल्यानं पकडलं तर त्याला म्हणते, भैया, पूजा का है.” हॉलभर हसू पसरलं. दुःखाच्या बैठकीत हसायला मिळालं की माणसांना बरं वाटतं, ती मोकळी होतात, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवतात. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, हे टू मच होतं हं. बाबाही हसले, मग त्यांचेही डोळे भरले. मी रिकाम्या कपांचा ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

गोष्ट तिथे संपत नाही. बाबा ती नेहमी तिथेच संपवतात.

त्या गोष्टीत एक बंदूक आहे. आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. माझे आजोबा, म्हणजे आबा, यांनी तरुणपणी एका निवृत्त साहेबाकडून एक जुनी विलायती रायफल विकत घेतली होती. लिव्हरची. चापाभोवती लोखंडी कडी असते, ती मुठीनं खाली ओढून परत वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत बसतं. मुळात ती शिकारीची, पण आत्या मोठी होईपर्यंत शिकार कायद्यानं बंद झाली होती. मग शेतात डुकरं उतरली की आबा हवेत बार काढायचे, एवढंच तिचं काम उरलं. नेम मात्र त्यांनी शिकवला, आणि तो मुलीला शिकवला. बाबांना आवाजाची भीती वाटायची. बार निघणार म्हटलं की ते कान दाबून माजघरात पळायचे. आत्या आंब्याच्या फांदीला करवंटी टांगून फोडायची.

बंदूक तिला मोठी पडायची. खांद्याला दस्ता टेकवला की बोट चापापर्यंत पोचायचं नाही. म्हणून आबांनी गावच्या सुताराला बोलावलं आणि दस्ता मागच्या बाजूनं कापायला सांगितलं. सुतार करवत लावायला तयार होईना. इतकं जुनं अक्रोडाचं लाकूड, असा दस्ता पुन्हा मिळायचा नाही, बंदुकीची किंमत जाईल, असं तो म्हणत राहिला. त्यावर आबा म्हणाले, “जाऊ दे. जिची आहे तिच्या मापाची होऊ दे.” आत्यानं हे वाक्य मला इतक्या वेळा सांगितलंय की मी आबांना कधी पाहिलं नसूनही त्यांचा आवाज मला ऐकू येतो.

आणि तरी आबा गेल्यावर बंदूक बाबांकडे आली.

तेराव्याला अंगणात बसून चुलत्या-मामांनी ते ठरवलं. बाईच्या नावावर बंदुकीचा परवाना मागायला गेलो तर पोलीस ठाण्यात हसतील, शिवाय लग्न न झालेली बाई, उद्या कुठं असेल, काय असेल. आत्या तिथेच चहा देत होती. तिच्याकडून ना-हरकत लिहून घेतली. आखातात राहणाऱ्याला या कागदाचं काही वाटेनासं होतं. नोकरी बदलायला एनओसी, घर बदलायला एनओसी, आयुष्यभर कुणीतरी कुणाला तरी आपली हरकत नाही असं लिहून देत असतं. आत्यानं सही केली आणि चहाचे पेले गोळा केले, असं आई सांगते.

बाबांनी त्या बंदुकीचं काय केलं? काही नाही. ती कोल्हापुरात एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात जमा करून ठेवली. परवान्यासाठी अर्ज केला, पण पोलीस चौकशीला हजर राहायला हवं होतं आणि बाबांची सुट्टी कधी पुरायची नाही. अर्ज तसाच पडून राहिला. एकदा मी लहान असताना त्यांनी दुकानात ती फोटोसाठी खांद्याला लावली. बाबा उंच आहेत. कोपर विचित्र दुमडलं, दस्ता काखेत गेला. “ही मला आखूडच पडते,” असं म्हणून त्यांनी ती दुकानदाराला परत दिली. आत्या शेजारीच उभी होती. तिनं फोटो काढला.

आत्याची स्वतःची एक रीत होती. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. पण आखातातल्या माणसाला खंडेनवमीला रजा कुठली मिळायला? आमच्या सुट्ट्या उन्हाळ्यात, शाळा बंद असताना. म्हणून आत्या खंडेनवमी जुलैत करायची. गावाहून कोल्हापूरला यायचं, बंदुकीच्या दुकानात जायचं, काउंटरवर बंदूक काढून घ्यायची, तिला हळदकुंकू आणि फूल वाहायचं. मी तिच्यासोबत जायचे, बाबा गाडीत बसून राहायचे. दुकानदार म्हाताऱ्याला याची इतकी सवय झाली होती की तो आधीच तेलाचं फडकं घेऊन उभा असे. आत्याचा नमस्कार झाला की लगेच नळीवरचं हळदीचं पाणी पुसून घ्यायचा, नाहीतर गंज धरतो. मग आत्या ती खांद्याला लावायची. कोपर बरोबर जागेवर, गाल दस्त्यावर, पूर्ण शरीर शांत. ती बुटकी, जाडसर, साध्या सलवार-कमीजमधली बाई त्या वेळी कशी दिसायची हे मला लिहून सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बोलायची थांबायची.

मी तेरा वर्षांची होते त्या जुलैत तिनं गावच्या घरातून एक गोष्ट सोबत घेतली. आबांच्या पत्र्याच्या डब्यात काही रिकाम्या पुंगळ्या होत्या. त्यातली एक तिनं कुंकवाच्या पुडीबरोबर पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. विचार असा, की खरी खंडेनवमी ऑक्टोबरात येते, तेव्हा ती शारजात असते आणि बंदूक कोल्हापुरात. तर बंदुकीच्या जागी निदान पुंगळी देव्हाऱ्यात ठेवावी. आयुष्यभर पितळी नट, पितळी बुश, पितळी कपलिंग मोजणाऱ्या बाईला ते रिकामं पितळ वाटलं. जुलैतली पूजा ऑक्टोबरात नीट करायची म्हणून तिनं ते घेतलं होतं, दुसरं काहीही नाही.

परतीच्या विमानतळावर तिची पर्स मशीनमधून मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा मागे गेली. मग एका जवानानं ती उघडली आणि पुंगळी तळहातावर घेतली. आत्या म्हणाली, “खाली है भैया, पूजा का है.” हसू येण्यासारखंच होतं ते, मलाही आलं असेल. पण तो हसला नाही. त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं विचारलं, बंदूक कुणाची आहे, परवाना कुणाच्या नावे आहे. अगदी नम्रपणे विचारलं.

बाबा आमच्या पुढे, पट्टा हातात घेऊन उभे होते. ते पाच पावलं मागे आले असते आणि म्हणाले असते की बंदूक माझ्या वडिलांची, मी तिचा वारस, ती कोल्हापुरात अमुक दुकानात जमा आहे, फोन लावून विचारा… एवढं पुरलं असतं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. वकिलानं नंतर आईला सांगितलं की बहुतेक पुरलं असतं. पण त्या महिन्यात कंपनी बाबांना वरची जागा देणार होती आणि त्यासाठी पोलीस क्लिअरन्स लागणार होता. बाबांनी पट्टा कमरेत घालायला सुरुवात केली. एकेक लूप शोधत, खाली बघत.

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारी होते म्हणून मला दिसलं. मग ती साहेबाकडे वळली आणि म्हणाली की वस्तू तिची आहे, बाकी कुणाचा संबंध नाही. आणि आम्हाला म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं. पोरीची शाळा आहे.”

आम्ही पुढे झालो. विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. बाबांनी तिच्यावर आपलं जॅकेट ठेवलं. जेवण आलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी जास्तीचा ज्यूस मागून घेतला. आई खिडकीबाहेर बघत होती. मी बाबांना इंग्रजीत विचारलं की आत्या कधी येणार. “नेक्स्ट फ्लाइट, इन्शाल्ला,” ते म्हणाले.

ती येऊ शकली ते दोन वर्षांनी. गुन्हा नोंदला गेला, पासपोर्ट अडकला, तारखा पडत राहिल्या. इथला नियम असा, की सहा महिने देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्सी जाते. तिची गेली. गोदामानं दुसरा माणूस घेतला. शारजातली तिची खोली बाबांनी एका शुक्रवारी रिकामी केली आणि तिचा सगळा संसार खोक्यांत भरून आमच्या स्टोअररूममध्ये आणून ठेवला. शेवटी कोर्टानं तिला सोडलं, पुंगळी रिकामी होती आणि हेतू काही नव्हता असं म्हणून. ती परत आली आणि त्याच भागातल्या एका लहान गॅरेजमध्ये कामाला लागली, जिथे स्टोअर म्हणजे जिन्याखालची जागा होती. बाबांना वरची जागा मिळाली होती. आमचा व्हिला त्या वरच्या जागेमुळे मिळालेला आहे.

परत आल्यावर तिनं बाबांना एकच गोष्ट मागितली. बंदूक तुझ्या कामाची नाही, माझ्या नावावर कर. आमच्याच डायनिंग टेबलवर. बाबा फोनमध्ये काहीतरी बघत होते. त्यांनी मान वर केली आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, “आता तुझ्या नावावर कशी होणार आक्का? तुझ्यावर केस झाली ना.”

आत्या भात कालवत राहिली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. हे वाक्य मी तेव्हापासून जवळ ठेवलंय.

मला आत्याचाही राग येतो, हेही लिहिलं पाहिजे. ती कधीच भांडली नाही. दर ईदच्या सुट्टीला ती आमच्याकडे यायची, बाबांना भाऊबीजेला ओवाळायची, पुढच्या वर्षी पुन्हा ओवाळायची. कॉलेजात असताना एकदा मी तिला विचारलंच, की तुला त्यांचा राग येत नाही का. ती लोखंडी रॅकवर फिल्टरचे खोके लावत होती. “तो भित्रा आहे गं, लहानपणापासून. मी काय आज बघतेय का त्याला?” आणि मग खोका सरळ करत म्हणाली, “भीती वाटायची त्याला, त्याचं काही नाही. पण बंदूक ठेवून घेतली ना, ते लागलं.” एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मला वाटायचं, वेळ आहे अजून, एक दिवस ती बोलेल, सगळ्यांसमोर… आणि मग ती एका सकाळी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटलं, बाजी हिशेब करतायत.

बैठकीनंतरच्या आठवड्यात बाबांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. कोल्हापूरच्या दुकानात आता म्हाताऱ्याचा मुलगा बसतो. त्याला जुनी जमा हत्यारं निकाली काढायची आहेत. कोकणातल्या एका रिसॉर्टवाल्याला आमची बंदूक हवी आहे. तो रीतसर परवानगी काढून नळी कायमची बंद करणार, लिव्हर पक्की करून टाकणार आणि ती रिसेप्शनच्या भिंतीवर लावणार, खाली एक दिवा. बाबांच्या नावावर परवाना कधी झालाच नव्हता, म्हणून विक्रीसाठी आबांच्या सगळ्या वारसांची ना-हरकत नव्यानं हवी. आत्याच्या जागी मी, कारण तिनं मृत्युपत्रात मला वारस केलं होतं. मृत्युपत्रात दुसरं फारसं काही नव्हतं.

“छान आहे ना,” बाबा म्हणाले. “लोक बघतील तरी. दुकानात सडतेय नुसती. तू सही कर, मग खलास.”

मी आयुष्यात बाबांना फार क्वचित नाही म्हटलंय. माझा आवाज अशा वेळी घशातच राहतो आणि मग लोक समजतात की मी तयार आहे. त्या दिवशी मी पेन टेबलावर ठेवलं, कागद त्यांच्याकडे सरकवला.

“माझी हरकत आहे.”

बाबांना आधी ते कळलंच नाही. मग ते हसले. मग त्यांनी विचारलं, कशाला हरकत? मी म्हटलं, तुम्ही लोकांना ती गोष्ट सांगता, ती पुढे सांगा. पुढे काय आहे, ते म्हणाले. तुम्ही विमानात बसलात, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तेरा वर्षांची मुलगी तिथे होती हे त्यांना आत्ता आठवत होतं. मग आवाज चढला. मी लहान होते, मला काय कळतं. तिकिटं वाया गेली असती. आक्कानंच जा म्हणून सांगितलं. त्यांनी वकील दिला नव्हता का, त्यांनी खोली रिकामी केली नव्हती का. आई मधे पडली, की जाऊ दे ना आता, गेलेलं माणूस. मी उठून खोलीत गेले.

पुढचे दिवस आम्ही घरात एकमेकांना टाळत वावरलो. महिना झाला तेव्हा आईनं जेवण ठेवलं. बहुतेक तीच माणसं. मुसफ्फा या अबुधाबीच्या औद्योगिक भागातले एक गृहस्थ मात्र पहिल्या वेळी आले नव्हते, बाबांचे जुने मित्र, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे त्यांचं. हातात ताट घेऊन ते म्हणाले, “अरे, ते आक्काचं काडतुसाचं काय होतं म्हणे, मला कुणी सांगितलंच नाही.” दोन-तीन जण आधीच हसायला लागले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाढत होते, तशीच थांबले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. पर्स, मशीन, भैया पूजा का है. हसू झालं. नेहमी ते इथे थांबतात. या वेळी त्यांनी ताट खाली ठेवलं.

“बंदूक माझ्या नावानं जमा होती,” ते म्हणाले. “मी तिथं बोललो नाही. तिला तिथं सोडून मी विमानात बसलो. तिची इथली नोकरी गेली.”

पुरणपोळीवाल्या काकू पाण्याचा पेला शोधायला लागल्या. मुसफ्फाचे गृहस्थ, “अरे, होतं असं कधीकधी,” म्हणाले. गॅरेजमधले दोघे गालिच्यावर बसले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, ते सगळ्यांचे चेहरे बघत राहिले. बाबांनी ताट उचललं आणि जेवायला लागले.

मला वाटलं होतं, एवढं झालं की माझ्या आतलं काहीतरी सुटेल. सुटलं नाही. इतकी वर्षं जे वाक्य अडलं होतं ते आमटी-भाताच्या मधे, अर्ध्या मिनिटात होऊन गेलं. इतकं सोपं होतं तर ते आत्याच्या कानावर का पडलं नाही? मी वाढण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि मला कधी आला नव्हता इतका राग आला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कागद पुन्हा टेबलावर होता. बाबांनी तो हळूच सरकवला. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी त्यांचा वाटा पूर्ण केला होता. आता करशील ना सही, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

“मग आता काय हवंय तुला?”

“बंदूक.”

त्यांनी मला सगळ्या अडचणी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. मी इथे राहते, परवाना तिथला. मला गावाकडे जाऊन राहावं लागेल, चौकशी होईल, कदाचित नकारच मिळेल. बंदूक घेऊन तू करणार काय, त्यांनी विचारलं, तू तर फटाक्याला घाबरायचीस. हो, घाबरायचे. मी फक्त एवढंच सांगितलं की अर्ज माझ्या नावानं जाईल, त्याला तुमचीच ना-हरकत लागेल, आणि आबा गेल्यापासून ती कुणाची कशी झाली हे पोलीस ठाण्यात तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. आत्याच्या केससकट.

बाबांनी चहाचा कप फिरवला. “रजा बघतो,” ते म्हणाले.

“बघू नका. टाका.”

त्यांनी टाकली आहे की नाही, हे लिहिताना मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. दुकानदाराच्या मुलाला मात्र मी स्वतः फोन करून सांगितलंय की आमची बंदूक विकायची नाही. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणून मी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, मराठीत.

त्या दुकानात आत्यानं मला बंदुकीबद्दल एकच गोष्ट शिकवली, ती नेम धरायची नव्हती. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात देताना लिव्हर पूर्ण खाली ओढायची. आतली जागा उघडी करायची. देणाऱ्यानं आधी स्वतः बोट घालून चाचपायचं, मग घेणाऱ्याला दाखवायचं. आत काही नाही हे दोघांना ठाऊक असलं तरी. घेणाऱ्यानं “बघितलं” म्हणायचं, आणि ते म्हटल्यावरच देणाऱ्यानं हात सोडायचा. दुकानदार म्हातारा घाईनं तशीच द्यायला लागला की आत्या हात मागे घ्यायची आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची.

बाबांना ही रीत माहीत नाही, आबा ती शिकवत असत तेव्हा बाबा माजघरात असायचे. ती मी त्यांना सांगणार आहे, आणि त्यांनी बंदूक मला तशीच द्यायची आहे.